एका कागदावर एकच मागणी

१ सप्टेंबर, सोमवार

नोटशीट परत आली! सात पानांची नोट, अन् वर पेन्सिलीने दोनच शब्द — "क्या चाहिए?"

एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझी नोट अशी कोणी परत केलेली नाही. नव्या साहेबांना येऊन आठ दिवस झालेत फक्त. रत्नाकर सर. अमरावतीकडचे आहेत असं कळलं तेव्हा मी उगीचच खूश झाले होते, की चला, या ऑफिसात आपल्या बोलीचा एक तरी माणूस आला. हा आपल्या बोलीचा माणूस!

नोट होती तिसऱ्या मजल्यावरच्या वॉटर कूलरची. एप्रिलपासून बंद आहे. मी सगळं नीट मांडलं होतं — कूलर कधी बसवला, मागे कधी बिघडला, तेव्हाचा पत्रव्यवहार, यंदाच्या उन्हाळ्याचं तापमान, मजल्यावर माणसं किती, त्यात बायका किती, अन् पाण्यासाठी खाली उतरायचं तर पायऱ्या किती. पायऱ्या स्वतः मोजल्या होत्या मी! मेकॅनिक बोलवायची परवानगी सहाव्या पानावर मागितली होती. तिथवर वाचायला हवं ना माणसाने.

शेजारच्या टेबलावरची हर्षा वाकून बघत होती. तिला हसू आवरेना. आधीचे साहेब माझ्या नोटला महाकाव्य म्हणायचे अन् खाली सही ठोकायचे. मला ते कौतुक वाटायचं. त्यांनी एकही नोट वाचली नसेल, हे आज पहिल्यांदा मनात आलं अन् आणखीच राग आला.

रागारागात पाच ओळी खरडल्या. कूलर एप्रिलपासून बंद आहे. एकतीस माणसं आहेत. मेकॅनिक बोलवायची परवानगी हवी. घ्या!

२ सप्टेंबर, मंगळवार

सही झाली. तासाभरात.

४ सप्टेंबर, गुरुवार

मेकॅनिक येऊन गेला. आतली एक पट्टी जळली होती, वीस मिनिटांचं काम. पाच महिने आम्ही वीस मिनिटांच्या कामासाठी घसा कोरडा करून बसलो होतो.

दुपारी सगळा मजला गार पाणी प्यायला. आभार कोणी मानले नाहीत. हर्षाने मात्र ग्लास उंच करून माझ्याकडे बघितलं, अन् तिच्या हिंदीत म्हणाली की काळीकर मॅडम, महाकाव्यापेक्षा चारोळी बरी. मी तोंड वाकडं केलं. पाणी प्यायले मात्र दोन ग्लास.

(ऑफिसात मी अजून काळीकर मॅडमच. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण सर्व्हिस बुकात नाव बदललं नाही. त्याचा अर्ज मी लिहायला घेतला होता. तो लिहून संपला नाही.)

७ सप्टेंबर, रविवार

अंबरीश आत्ताच गेला. दुपारची गाडी. महिन्यातून दोनदा नवरा येतो, शनिवारी सकाळी बॅग ठेवतो अन् रविवारी उचलतो. चार वर्षं झाली. आमचं दोघांचं खातं एकच. तो माझ्या एक पायरी खाली होता. बढती मिळून माझ्या बरोबरीच्या पदावर आला अन् बढतीबरोबर नागपूर मिळालं. पेढे वाटले होते आम्ही तेव्हा!

अवंती नेहमीप्रमाणे कोपऱ्यापर्यंत गेली. जबलपुरातल्या आमच्या कांचघरच्या वळणावरून ऑटो दिसेनाशी झाली तरी उभी असते. चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीतच. परत आली अन् नेहमीचं विचारलं, "पापा का ट्रान्सफर कब होगा?" मी नेहमीचं सांगितलं, होईल.

कसलं होईल! तीन अर्ज झाले. तिन्ही मीच लिहिले, त्याने सह्या केल्या. तिसरा पाच पानांचा होता. त्यात सगळं होतं — त्याची नोकरी, माझी नोकरी, बाबांचं म्हणजे माझ्या सासऱ्यांचं वय, अवंतीचं गणित. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये बाबा न्हाणीत घसरून पडले अन् अवंतीने एकटीने त्यांना उचललं, तेही होतं. शेवटी विनंती होती — अंबरीशला जबलपूरला आणावं, अथवा मला नागपूरला पाठवावं, अथवा दोघांना तिसऱ्या कुठल्याही गावी एकत्र ठेवावं. भोपाळच्या हेड ऑफिसातून उत्तर आलं, प्रकरण विचाराधीन है. दीड वर्ष झालं, विचारच सुरू आहे.

अंबरीश आज जाता जाता म्हणाला, "तू लिहिते छानच. पण खरं सांगू, मलाच तिसऱ्या पानावर झोप येते." बायकोला असं बोलायचं असतं का? तेही गाडीच्या वेळेला!

बाबा पडले त्या दिवशी मी कुठे होते ते अर्जात लिहिलं नव्हतं. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते अन् मी ऑफिसात नोट पूर्ण करत होते. कशाची नोट होती ते आता आठवतही नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिलं, बस.

९ सप्टेंबर, मंगळवार

सरांनी बोलावलं. टेबलावर आमचा तिसरा अर्ज! त्यात माझ्या बदलीचीही विनंती होती म्हणून त्याची प्रत इथल्या फाइलीतही आहे. जुन्या फाइली काढून वाचत बसतात म्हणे हे. मला वाटलं, आता आपली शोभा.

बसा म्हणाले. मग शांतपणे विचारलं, "यात तुम्ही काय मागून राहिल्या?"

मी म्हटलं, आहे ना सर, पाचव्या पानावर. ते म्हणाले, पाचवं पान वाचलं. तिथे तीन मागण्या आहेत. भोपाळला एका टेबलावर येणाऱ्या बदल्या बघतात, दुसऱ्या टेबलावर जाणाऱ्या. हा कागद कोणाचा? पहिला म्हणणार दुसऱ्याचा, दुसरा म्हणणार पहिल्याचा. "त्यांना तुमची दया नाही आली असं नाही, मॅडम. त्यांना करायचं काय तेच नाही समजलं."

मग त्यांनी सांगितलं — एका कागदावर एकच मागणी. मागणी पहिल्या ओळीत. कारण एकच, सगळ्यात भक्कम असेल ते. बाकीचं सर्व्हिस बुकात आहे, ते पुन्हा लिहायचं नाही.

बाहेर आले तेव्हा रडू येत होतं. राग नव्हता पण. दीड वर्ष मी भोपाळच्या लोकांना शिव्या घातल्या, दगड म्हटलं त्यांना. त्यांना बिचाऱ्यांना समजलंच नव्हतं! हे इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं. खूप दिवसांनी छातीवरचं काहीतरी थोडं सरकलं.

१० सप्टेंबर, बुधवार

हर्षाचा वेगळाच सल्ला. ती सतन्याहून इथे आली ती आपसी बदलीने. म्हणजे इथल्या एकाला सतना हवं होतं, हिला जबलपूर. तिची जागा त्याला, त्याची हिला. हेड ऑफिसला फार आवडतं म्हणे हे प्रकरण, रिकामी जागा शोधावी लागत नाही, एका दिवसात होतं. "दीदी, यहाँ से कोई नागपुर जाने वाला ढूँढ लो."

तिन्ही मजल्यांवर विचारून आले. कोणी तयार नाही. ज्याचं त्याचं घर इथे, पोरं इथे, नळाची वेळ पाठ झालेली. इथून उठून नागपूरला कोण कशाला जाईल?

१३ सप्टेंबर, शनिवार

आज अर्ज लिहिले. बाबांनी लिहवून घेतले म्हणू का?

बाबांचं नाव बाबाराव. वय एकोणऐंशी, डोळे अधू, कान तिखट. सारी नोकरी इथल्या तारघरात गेली. मी सकाळी दिवाणखान्यात बसून लिहीत होते अन् मोठ्याने वाचत होते. "सविनय निवेदन है कि प्रार्थी दिनांक..." इथवर आले असेन. बाबा पलंगावरून म्हणाले, "काहून एवढे वळसे घालून राहिली? दारात उभा आहे ना माणूस, त्याला आधी काम सांग."

मग त्यांनी तारघरातली गोष्ट सांगितली. पूर्वी कधी ऐकली नव्हती. सोळा वर्षं या घरात आहे अन् कधी विचारलंच नाही. शहपुऱ्याचा एक माणूस तार करायला आला. मुलगा फौजेत. अर्धा तास बोलत होता — बायको पडली, पाय मोडला, आता प्लास्टर आहे, तशी बरी आहे, पण रडते, पोराचं नाव घेते, गाय व्यायली आहे, कोणी बघायला नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं अन् तार लिहिली: आई बरी आहे, सुट्टी घेऊन ये. तो माणूस रागावला. पाय कुठे गेला म्हणाला, गाय कुठे गेली. बाबा त्याला म्हणाले, "तुमच्या पोराच्या हातात तार पडंल तेव्हा त्याचे हात कापतील. पहिले तीन शब्द त्याच्यासाठी. पाय घरी आल्यावर दिसंलच."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, बाबा, मग तुमचं पडणं लिहू की नको? ते म्हणाले, माझं वय लिही. एकोणऐंशीचा माणूस पडतोच, भोपाळवाल्यांनाही बाप असंल.

तर अंबरीशचा अर्ज असा झाला: नागपूरहून जबलपूरला बदली व्हावी. वडील एकोणऐंशी वर्षांचे, जबलपूरला राहतात, त्यांना मुलाची गरज आहे. संपला!

मीही नोकरीत आहे, हे त्यात लिहिलं होतं. खोडलं. कारण एकच, सर म्हणाले होते.

सगळ्यात जड गेलं ते अवंतीला खोडणं. कोपऱ्यावर उभी राहते, ऑटो गेल्यावरही उभी राहते — हे वाक्य तिन्ही अर्जांत होतं. मला फार आवडायचं. आज वाचलं तेव्हा कळलं की ते मी हेड ऑफिससाठी लिहिलंच नव्हतं. मला ते कुणाला तरी सांगायचं होतं अन् सांगायला कुणी नव्हतं, म्हणून सरकारला सांगत होते. चार वर्षं मी भोपाळच्या अनोळखी माणसांपुढे घरचं रडगाणं गायले! खोडलं, अन् बाबांनाच सांगितलं. बाबा म्हणाले, माहीत आहे, मी खिडकीत उभा असतो तेव्हा.

नंतर दुसरा कागद. तिकडची मागणी फेटाळली तर हाताशी एक असावी म्हणून माझा: जबलपूरहून नागपूरला बदली व्हावी. पती तिथे याच खात्यात आहेत. यात अंबरीशचं नाव होतं, तेही काढलं. सर्व्हिस बुकात आहेच.

दोन कागद, मिळून सात ओळी. पाच पानांचं एवढंच निघालं. बघून थोडी लाज वाटली अन् खूप हलकं वाटलं. आज जेवण चवीचं लागलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

अंबरीशचा कागद फोनवर पाठवला होता, तो सही होऊन नागपूरच्या ऑफिसातून गेला. माझा इथून.

सरांनी माझा वाचला. दहा सेकंद लागले असतील! म्हणाले, "याला म्हणतात अर्ज." मी म्हटलं, सर, तसा हा दुसरा पर्याय आहे, म्हणजे त्यांचं जर... त्यांनी हात वर केला. "कागदावर आहे ना? मग तोंडी जोडू नका." सही करून ट्रेमध्ये टाकला.

बरोबरच आहे. ही सवयच जायला हवी माझी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पाच चाळीसला घरी!

२२ सप्टेंबर, सोमवार

आजही पाच चाळीसला. आठवडा झाला, रोज. आधी सात वाजायचे. मला वाटायचं काम फार आहे. काम तेवढंच आहे, मी त्याला लांबण लावत होते.

घट बसले आज. अवंतीला घेऊन सदर बाजारात गेले. चाट खाल्ली, तिला क्लिपा घेतल्या, उगीच हिंडलो. ती हिंदीत बोलत होती, मी मराठीत. मधेच थांबून विचारलं, "मम्मी, आप बीमार तो नहीं हो? इतनी जल्दी घर आ रही हो आजकल." हसू आलं अन् वाईटही वाटलं. पोरीला आई वेळेवर घरी आलेली दिसली तर आजार वाटतो.

नाही गं, म्हटलं, उलट बरी झाले.

२५ सप्टेंबर, गुरुवार

काही नाही आज. बरं वाटलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सरांनी सगळ्या शाखेला सूचना काढली — नोट अर्ध्या पानाच्या वर जाता कामा नये. नमुना म्हणून खाली एक नोट जोडली आहे. कोणाची? माझी! कूलरची. रागात खरडलेली ती.

हर्षाने ती टेबलाच्या काचेखाली ठेवली. मी वरवर नको नको केलं. पण दुपारी ती जेवायला गेली तेव्हा जाऊन एकदा वाचून आले. चांगली आहे.

१५ ऑक्टोबर, बुधवार

झालं! झालं! झालं!

साडेअकराला अंबरीशचा फोन. ऑफिसात तो कधी फोन करत नाही, म्हणून नाव बघूनच हातातलं काम टाकून उचलला. मी म्हटलं, अरे काय झालं? तेव्हा म्हणाला, "मी बरा आहे. येऊन राहिलो. कायमचा." पहिले शब्द नीट ठेवले त्याने. बाबांचाच मुलगा शेवटी.

हेड ऑफिसातल्या ओळखीच्या एकाने त्याला फोनवर आदेश वाचून दाखवायला घेतला होता. पहिलीच ओळ — अंबरीश बाबाराव वैरागडे, नागपूर से जबलपुर. पुढचं ऐकायला हा थांबलाच नाही, फोन ठेवला अन् मला लावला! सही झाली आहे, कागद दिवाळीनंतर डाकेने निघेल.

चार वर्षं, तीन अर्ज, अन् शेवटी तीन ओळींनी काम झालं. एका महिन्यात. मी जिन्यात जाऊन रडले. पुष्कळ रडले. मग तोंड धुतलं, गार पाणी प्यायले. कूलरचं.

घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते चष्मा काढून पुसत बसले. डोळ्यांना दिसत नाही तर चष्मा पुसून काय होणार होतं! अवंतीने कोपऱ्यापर्यंत एक फेरी मारली, उगीचच. परत आली अन् चक्क मराठीत म्हणाली, "आता मी तिथे उभी नाही राहणार." वाक्य अगदी बरोबर होतं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सरांना पेढा दिला. बातमी इतकी लवकर आली याचं त्यांना फार नवल वाटलं. "पण आपल्याकडे जागा कुठे रिकामी आहे?" कॅलेंडरकडे बघत बोटं मोजत होते. मी म्हटलं, कोणीतरी हललं असेल सर. ते म्हणाले, असेल.

हर्षा पण तेच विचारत होती. लोकांना दुसऱ्याचं भलं झालं की लगेच हिशेब सुचतात! तिला दुसरा पेढा दिला अन् गप्प केलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

अंबरीश दिवाळीला आलाय. पहिल्यांदा असं झालं की त्याची बॅग दारापाशी न ठेवता मी आत नेऊन रिकामी केली.

कपाटाचा डावा भाग त्याला काढून दिला. चार वर्षं तिथे माझ्या जुन्या नोटांच्या प्रती होत्या. नीट बांधून ठेवलेल्या, तारखेवार. अंबरीशने विचारलं, यांचं काय करायचं? मी म्हटलं, रद्दीत. त्याला खरं वाटेना. मलाही देताना थोडं चुटपुटलंच. पायऱ्या मोजलेली ती नोट तेवढी ठेवून घेतली.

बाबांना न्हाणीत धरायला दांडी बसवून घेतली त्याने. अवंतीला गणित शिकवायला बसला अन् दोघं दहा मिनिटांत भांडले. किती बरं वाटलं ते भांडण ऐकून! मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते, मुद्दाम हळू तळल्या.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

अंबरीश गेला. सामान बांधायला, शेवटचं. कोपऱ्यावर कोणी गेलं नाही. अवंतीने घरातूनच हात हलवला अन् टीव्ही बघत बसली.

माझा दुसरा कागद मागे घ्यायचा राहिलाय, ते आठवलं. आता कशाला लागतोय तो. सोमवारी एका ओळीत कळवून टाकेन.

२७ ऑक्टोबर, सोमवार

एक ओळ लिहायला पेन काढलं, अन् डाक आली. त्यात आदेश.

एकच पान, चार ओळी. पहिली — अंबरीश बाबाराव वैरागडे, नागपूरहून जबलपूर. दुसरी — सुखदा रामराव काळीकर, जबलपूरहून नागपूर. तिसरी — दोघांची तशी विनंती असल्याने आपसी बदली मंजूर. चौथी — पंधरा दिवसांत रुजू व्हावे.

रिकामी जागा माझीच होती!

दोन सुटसुटीत कागद. एकाला जबलपूर हवं, दुसरीला नागपूर. भोपाळच्या माणसाने जोडी लावून दिली अन् मनापासून खूश झाला असेल. त्याच्या कागदात मी नाही, माझ्या कागदात त्याचं नाव नाही. चूक कुठेच सापडत नाही. सरांनी आदेश दोनदा वाचला, चष्मा काढला अन् बसा म्हणाले. पंधरा दिवस हातात आहेत, आजच लिहा, मी स्वतः घेऊन जातो भोपाळला.

घरी आणून बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, पुन्हा वाच. मग पलंग हलेपर्यंत हसले, अन् त्यांना बघून मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खोकला थांबल्यावर म्हणाले, "आता मात्र सविस्तर लिही, सुखदा. पाहिजे तेवढी पानं घे."

पाच पानं घेऊन बसले. लिहून एकच ओळ झाली.

आम्ही दोघे नवरा-बायको आहोत.